गॉलवेतला रहाट

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात बसमधून उतरलो आणि पहिला प्रश्न पडला... इथं सकाळ झालीय की व्हायचीय? आभाळ इतकं खाली आलेलं की छत्री उघडली तर त्याला टोचेल. आपल्या सोलापुरात असं आभाळ आलं की लोक भजी तळतात. इथं कढई चुलीवरून उतरवायलाच नको.

माझी लेक पल्लवी तिथं नर्स आहे. बरोबर राहणारी मैत्रीण लग्न होऊन गेली, तेव्हापासून पल्लवी फोनवर नुसतं "बरंय अण्णा" म्हणायची. माझा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं... एक माग जरा वेगळा वाजला तरी कान उभे राहतात. पोरीचं "बरंय" वेगळं वाजत होतं.

बायकोनं बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरली आणि वर हुकूम सोडला, "तिला घेऊनच या. लई झालं परदेश." मीही तेच ठरवून निघालो होतो. दोन दिवस गाव बघायचं आणि रविवारी रात्री विषय काढायचा... चल घरी.

शनिवारी पावसातच हिंडलो. दगडी गल्ल्या, जुन्या चर्चच्या भिंतीला लागून भरलेला बाजार, नदीकाठची जुनी कमान... पूर्वी तिथं लांबून गलबतं यायची म्हणे. पाण्यात हंस. त्यांनाही थंडी वाजत असावी, पण सांगणार कुणाला.

बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला असं म्हणा... काही विसरलं का म्हणून तो मागची सीट तपासेल. ड्रायव्हरनं पल्लवीला या आठवड्यात नाइट आहे का, असंही विचारलं. ऐकून बरं वाटलं. पण खरं सांगू? गोड बोलण्यावर माझा फारसा भरवसा नाही. धंद्यात मीही गोडच बोलतो.

पल्लवीच्या खालच्या मजल्यावर मरेड नावाची सत्तरीची बाई राहते. जिन्यात भेटली, माझा हात बराच वेळ हातात धरून काहीतरी बोलली. मला त्यातलं "पलावी" तेवढं कळलं.

रविवारी दुपारी चारलाच अंधारायला लागलं. पल्लवी म्हणाली, "अण्णा, चला, पबमध्ये गाणी ऐकू." मी जन्मात बारची पायरी चढलेलो नाही, त्यातून लेकीबरोबर...

"चला की. चहापण मिळतो तिथं. सोलापूरचं कोण बघायला बसलंय?"

"सोलापूरचा माणूस कुटं भेटंल सांगता येत न्हाय, बाय."

आत गेलो तर बारसारखं काहीच नाही. आज्या, लेकुरवाळ्या, शेकोटीजवळ पसरलेला कुत्रा. मरेडबाई आधीच जागा धरून बसलेल्या. पल्लवी त्यांच्या शेजारी बसली, मी टेबलाच्या अलीकडे. वाजवणारे एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, लोकांकडे पाठ. मला चहा मिळाला... दुधाचा, कडक. निम्मी तक्रार तिथंच संपली.

मग टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून त्यांच्या जुन्या भाषेत गायला लागले. वाद्यं थांबली, सगळी खोली गप्प. कारखान्यात लाइट गेल्यावर होते ना, तशी शांतता. आणि शेजारच्या माणसानं त्यांचा हात हातात घेतला... आणि सावकाश गोल फिरवायला लागला.

पल्लवी टेबलावरून वाकून हळूच म्हणाली, "गाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून." माझं लक्ष त्या हातावरच. माझी आई दुसऱ्याच्या मागांसाठी कांड्या भरायची. सूत गुंडाळत तिचा रहाट अस्साच फिरायचा. सोबत ओव्या. शेजारी बसून पल्लवीनं त्या पाठ केल्या होत्या.

तिथं रीत अशी की, गाणं संपलं की गाणाऱ्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं. म्हाताऱ्यांनी घेतलं... "पलावी."

पोरगी घरी पाहुण्यांसमोर कधी गायली नाही. इथं तिनं डोळे मिटले आणि आजीची ओवी धरली. कुणाला एक शब्द कळत नव्हता, तरी कुणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. थांबला.

मी उठलो. टेबलाच्या पलीकडे जाऊन तिचा हात धरायचा आणि तिथूनच तिला घरी न्यायचं, एवढंच डोक्यात.

पण तिचा हात कुणीतरी आधीच धरला होता. मरेडबाई डोळे मिटून तो हळूहळू फिरवत होत्या... आईचा रहाट जसा. सूत तुटलं की आई जोडायची, पण घाई करायची नाही. पल्लवीनं श्वास घेतला आणि ओवी पूर्ण केली.

मी खाली बसलो. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो. बाहेर पडल्यावर पल्लवीनंच विचारलं, "अण्णा, आईनं न्यायला पाठवलंय ना तुम्हाला?"

"व्हय. तुझं काय म्हणणं?"

"हिवाळा जड जातो. पण मला राहायचंय."

तो आवाज बरोबर होता.

घरी येऊन बायकोला फोन लावला. सोलापुरात मध्यरात्र, तरी ती जागीच. "काय, येतीय ना?"

"नाही. अगं, तिचा हात धरायला माणूस आहे इथं."

पलीकडून आवाज एकदम चढला, "कोण आहे? कुठल्या गावचा?"

"म्हातारी आहे. खालच्या मजल्यावर राहते."

बायको आधी हसली, मग जरा रडली. शेवटी तिनं विचारलं, "मग तिला दिली का कडक भाकरी? दाताला चालंल का तिच्या?"

निघताना मरेडबाईंना आमच्या कारखान्यातला टॉवेल देऊन आलो. पल्लवी सांगते, त्या वापरत नाहीत, खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवलाय. त्यांना म्हणावं, खुशाल वापरा... आयुष्यभर पुरवीन. लेकीजवळ आपण नसताना तिचा हात धरणाऱ्याचे आभार कसे मानायचे, हे मला अजून नीट जमलेलं नाही.