विहीणबाईंचं ‘वेगळं’

मुलीने चिंचणीतला मुलगा पसंत केला. त्याची आई आमच्याकडे बोईसरला जेवून जाणार आणि मग होकार-नकार कळवणार, असं ठरलं. मी जाहीर केलं, स्वयंपाक माझा! आम्ही मूळचे साताऱ्याचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आलो आणि बोंबलाचं कालवण इथेच शिकलो. निदान मला तसं वाटत होतं.

कालवणात मी शेंगदाण्याचं कूट घातलं. कूट नसलेल्या पदार्थाला आमच्याकडे कोणी पदार्थ म्हणत नाही. वर पळीने चांगलं ढवळलं. ओल्या बोंबलांना पळी लावायची नसते, पातेलंच धरून हलवायचं असतं, हे मला लगदा झाल्यावर कळलं.

बाईंनी पहिला घास घेतला. मी पळी छातीशी धरून, टाळीची वाट बघणाऱ्या नटासारखा उभा.

“वेगळं हाय,” त्या म्हणाल्या.

बस्स. जेवल्या, हात धुतले, गेल्या.

“वाईट तर नाही म्हणाल्या,” मी म्हटलं.

“चांगलंही नाही म्हणाल्या,” बायको म्हणाली. “अहो, तुम्हाला पहिल्यांदा बघून माझी आई ‘वेगळाच आहे’ म्हणाली होती.”

“मग? दिलीच ना तुला?”

“वडिलांनी दिली. आई अजून तेच म्हणते.”

“बाबा,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “तुम्ही माझ्या लग्नात कूट घातलंत!”

पुढे कित्येक दिवस निरोप नाही. मी आरशासमोर तो शब्द म्हणून पाहायचो. लांबवला की कौतुक वाटायचं, तोडला की कोर्टाचा निकाल. बाईंनी कसा म्हटला होता, तेच आठवेना.

शेवटी चिंचणीहून जेवायचं बोलावणं आलं. त्यांच्या लालभडक रश्शात बोंबील अखंड पडले होते. चव अशी, की मी मनातल्या मनात माझी पळी खाडीत बुडवली.

“कसं झालंय, भाऊ?”

माझी जीभ वळवळली. “वेगळं आहे.”

त्यांचा वाढता हात थांबला. बायकोने मला चिमटा काढला.

“वेगळं म्हंजे?”

“तेच विचारायला मी आलोय. तुम्ही आधी सांगा!”

त्यांनी पातेलं जवळ ओढलं. मग माझ्या ताटात आणखी एक बोंबील अलगद सोडला.

“साखरपुड्याला येताना कूट आणा. कालवण मात्र मी करनार.”

साखरपुडा! मुलगी लाजून आत पळाली, बायकोने डोळ्यांना पदर लावला.

“म्हणजे आवडलं होतं?” मी विचारलं.

“वेगळं होतं,” विहीणबाई म्हणाल्या.