सलामाचा जवाब

खुलताबादला मतदानाच्या दिवशी अब्बा ईदची शेरवानी घालायचे, अत्तर लावायचे. उमेदवाराची जीप न्यायला आली की भडकायचे, ‘सरकार आपण बनवायचं अन् जायचं दुसऱ्याच्या गाडीत? नाय!’

लहानपणी निजामाच्या अंमलदारांना त्यांनी लई सलाम केले होते; कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. तरी मत टाकण्याआधी ते मतपेटीला झुकून सलाम करायचेच. रांगेतले हसायचे, मला लाज वाटायची.

पुढं मतदान यंत्र आलं. अब्बांनी त्यालाही सलाम केला, बटण दाबलं आणि यंत्र वाजलं. बाहेर आले ते खुशीतच. ‘इतक्या वर्षांनी जवाब आला!’

यंदा शहरात, औरंगपुऱ्यातल्या केंद्रावर मी घाईघाईनं मत दिलं. यंत्र तसंच वाजलं. सलाम करायचा मात्र राहूनच गेला होता.