खांदा कॉलनीतली सासुरवाशीण

तिला काही दाखवायचं असलं की ती बोट वापरत नसे. ओठ पुढे काढायची, मान किंचित वळवायची आणि ओठांच्या टोकानं दिशा दाखवायची. भाजीवाला कुठाय? ओठ डावीकडे. लिफ्ट बंद आहे का? ओठ लिफ्टकडे. तिच्या देशात सगळेच असं करतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या वॉचमनचा भलताच गैरसमज झाला होता. नवीन मॅडमनं पाण्याच्या टाकीकडे ओठ केले की तो बिचारा लाजून गेटाबाहेर जाऊन उभा राहायचा.

ती फिलिपिन्सची. तिचा नवरा आमच्याच इमारतीत लहानाचा मोठा झालेला, जहाजावर इंजिनियर. कुठल्याशा बंदरात दोघांची ओळख झाली, तिच्या गावी लग्न झालं आणि तो तिला घेऊन खांदा कॉलनीत आला. त्याचे आईवडील तेव्हा हयात नव्हते. दोन महिने त्यानं तिला पनवेल दाखवलं, गॅस कसा बुक करायचा ते शिकवलं आणि तो पुन्हा बोटीवर गेला, तो सात-आठ महिन्यांसाठी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये ती एकटी. साधारण २०१० सालची गोष्ट. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. पनवेलच्या एका शाळेत तेव्हा मराठी शिकवत होते.

तिचं नाव चार शब्दांचं होतं. सोसायटीनं ते गाळून गाळून ‘वहिनी’वर आणलं. बाजारात मात्र कुणी तिला नेपाळची समजायचं, कुणी मणिपूरची. सुरुवातीला ती समजावून सांगायची. पुढे कंटाळली आणि एकच उत्तर द्यायला लागली, “मी पनवेलची हाय.”

हे ‘हाय’ कुठून आलं, ते सांगायला हवं.

एका शनिवारी शाळेतून परतताना मी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर वळले, तर तिथे गर्दी. मध्ये वहिनी. उकिडवी बसलेली, हातात सुक्या मांदेलीची मूठ, ती मूठ नाकाशी धरलेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर तिथे रोज बसणारी, गव्हाण गावची मासेवाली मावशी. टोपलीमागे ऐसपैस बसून वहिनीला न्याहाळत होती.

“काय गो बाय, वास सहन नाय व्हत, त नाकाला कशाला लावतंस?” मावशी म्हणाली.

वहिनीला एक अक्षर कळलं नाही. मला बघून ती इंग्रजीत सांगू लागली, की तिची आई सकाळी असेच मासे तळायची, भाताबरोबर. गेल्या चार महिन्यांत तिला घरचा वास असा पहिल्यांदाच आला होता. मी ते मावशीला मराठीत सांगितलं. मावशीनं शांतपणे आपला डबा उघडला. त्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

“पयले जेव, मंग रड. उपाशी पोटी रडलीस त चक्कर येल.”

हेही मी भाषांतर करून सांगितलं. वहिनी रडता रडता भाकरी खाऊ लागली. भाकरी संपली, तोवर रडणंही संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचा मुक्काम मावशीच्या टोपलीशेजारी. मासे घ्यायचे असोत-नसोत, ती रोज तासभर तिथे बसायची. मराठी ती तिथे शिकली.

मी मराठीची शिक्षिका. मला हे सहन होईना. म्हटलं, रोज संध्याकाळी ये, मी शिकवते. ती यायची, ‘मी जात आहे, तू जात आहेस’ मन लावून म्हणायची आणि दाराबाहेर पडली की, “मी जातंय, ताई.” एकदा मी जरा रागावूनच म्हटलं, “अगं, ‘आहे’ म्हण. ‘हाय’ नाही.”

तिनं वही मिटली. मग म्हणाली, “ताई, ‘आहे’ तुमच्या घरात बोलते. पन ‘आहे’ बोलली तर मावशी हसते. बोलते, पोलीस आली.”

सोसायटीच्या सभेत तिनं पहिलं भाषण केलं तेही याच मराठीत. दोन दिवस पाणी नव्हतं. सेक्रेटरी टँकरच्या अडचणी सांगत होते. मागून वहिनी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. “तुमी बोलताव लय. पानी नाय हाय. आमी आंगोळ कवा करायची?” सभा हसून लोळली, पण टँकर त्याच दिवशी आला. त्यानंतर कुणाचंही काम अडलं की बायका म्हणायच्या, वहिनीला पुढे करा.

तुम्हाला वाटेल, अशी बोलकी, हसरी बाई, हिला कसली घरची आठवण? मलाही तसंच वाटायचं. एकदा सकाळी शाळेत निघताना तिचं कुरियर द्यायला वर गेले. दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. साडेनऊ! माझा पहिला तास साडेसातला. मी कुरियर तिथेच टाकून जिन्यावरून धावत सुटले. ती मागून ओरडत होती, “ताई, थांबा! ती टाइम माज्या गावची हाय!”

घरातलं एकुलतं एक घड्याळ तिनं आपल्या गावच्या वेळेवर लावलं होतं. आई आता बाजारात गेली असेल, आता झोपली असेल, असा तिचा दिवस चालायचा. आमच्याकडे दुपार होण्याआधीच ती तिथल्या वेळेनं जेवायची, दिवेलागणीला पेंगायची आणि पहाटे अंधारात जागी होऊन बसायची. बाजारात तिला जांभया येताना पाहून मावशीनं एकदा खोदून विचारलं. घड्याळाची हकिकत ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

“दोन ठिकानी राहशील त दोनी ठिकानी उपाशी राहशील, पोरी. अंग इथं हाय ना? मंग पोट बी इथंच राहूं दे.”

त्या संध्याकाळी वहिनी खुर्चीवर चढली आणि तिनं घड्याळाचे काटे मागे फिरवले. मी खाली उभी राहून खुर्ची धरली होती. काटे फिरवून झाल्यावर तिनं घड्याळाची काच हातानं पुसली. मग उतरली आणि म्हणाली, “चला, आता चहाची टाइम.”

एक दिवस अभ्यासाच्या वेळी तिनं मला विचारलं, घरची आठवण येऊन मन लागत नाही, त्याला मराठीत काय म्हणतात? मी दोन-चार शब्द सांगून पाहिले. तिला पटेनात. मग मी तिला ‘माहेर’ सांगितलं. म्हटलं, लग्नाआधीचं घर, आईचं घर. आमच्याकडे बाईला ते आयुष्यभर आठवतं.

“तुमचं माहेर कुठं, ताई?”

“कराडजवळ.”

“किती वर्षं झाली?”

“अठ्ठावीस.”

“अजून आठवण येते?”

मी म्हटलं, येते ना. मंडईत वांगी घेतानासुद्धा येते. इथली वांगी मला अजून पटत नाहीत.

तिनं टाळी वाजवली. “मंग तुमी पन फॉरेनची हाय!”

दुसऱ्या दिवशी तिनं जिन्यात भेटेल त्या बाईला माहेर विचारायला सुरुवात केली. कुणाचं जळगाव, कुणाचं चिरनेर, कुणाचं थेट इंदूर. रविवारी तिनं सगळ्यांना वर जेवायला बोलावलं, अट एकच, आपल्या माहेरचा एक पदार्थ घेऊन यायचा. तिनं स्वतः चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून, केळीच्या पानात गुंडाळून उकडले होते. पान सोडलं आणि चिरनेरवाली ओरडलीच, “अगं, ही तर आमच्या पानगीची बहीण!” मग बहीण की चुलत बहीण यावर वाद. असे रविवार पुढे कितीतरी झाले. त्याच इमारतीत मी वीस वर्षं राहत होते, पण कोणाचं माहेर कुठलं ते मला त्या जेवणांत कळलं.

पुढे माझी लेक शिकायला जर्मनीला गेली. पहिल्या थंडीत कॉम्प्युटरवर बोलताना ती नुसती रडायची. मी इकडून रडायची. आमचं संभाषण म्हणजे दोन बायका एकमेकींकडे बघून नाक पुसतायत. एकदा वहिनी तेवढ्यात आली. तिनं मला खुर्चीवरून बाजूला केलं आणि पडद्यासमोर बसली.

“जेवली काय?”

“नाही, वहिनी. इच्छाच नाही.”

“पयले जेव, मंग रड. आमी इथं बसतो.”

आणि खरंच बसली. लेकीनं समोर खिचडी केली, खाल्ली, तोवर वहिनी तिला शेजारणीची भांडणं सांगत होती. शेवटी म्हणाली, “तिथं एक मावशी शोध. भाजीवाली, पाववाली, कोन पन. रोज तिच्याकडे जा. काय घ्यायचं नाय तरी जा.”

लेकीनं शोधली. भाजीचं दुकान चालवणारी एक तुर्की म्हातारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पुदिन्याची जास्तीची काडी पिशवीत पडू लागली आणि लेकीचं रडणं हळूहळू आटलं. मी वहिनीला हे सांगितलं, तेव्हा तिनं फक्त भुवया वर केल्या. तिच्याकडे त्याचा अर्थ ‘हो’.

मग ते वादळ आलं.

टीव्हीवर तिच्याच बेटांचा नकाशा दिसत होता आणि त्यावर फिरणारा पांढरा भोवरा. नंतर चित्रं आली. घरं नव्हतीच, नुसती लाकडं. तिच्या गावाचा फोन लागेना. नवरा भर समुद्रात. तिथून तो दिवसातून एकदा, तेही तुटक बोलायचा. वहिनी रडली नाही. तिनं स्वयंपाक सुरू केला. सकाळ-संध्याकाळ भात, कालवण, वड्या. भरलेले डबे सगळ्या इमारतीत पोचवायची. स्वतः मात्र एक घास खात नव्हती. मी जवळ बसायची, ती माझ्यापुढेही ताट वाढायची आणि पुन्हा फोन लावायची. दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मला भीती वाटू लागली. मी बाजारात जाऊन मावशीला सांगितलं.

मावशीनं टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि माझ्याबरोबर निघाली. लिफ्टमध्ये बसायला तयार नव्हती, तिन्ही मजले चढून आली. आत येऊन तिनं पहिल्यांदा गॅस बंद केला. मग वहिनीला हाताला धरून जमिनीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

“माझा घोव एकदा दर्यावं गेला, त सा दिस नाय आला,” ती म्हणाली. “लोक बोलले, गेला. सासू बोलली, बांगड्या उतर. मी बोलली, नाय उतरत. मी जेवली. रोज जेवली. तो आयला त त्याला उचलून घरान कोन नेनार? माझ्या अंगान ताकद नको?”

“आला?” वहिनीनं विचारलं. चार दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

“आयला ना. अजून हाय घरी. लय कटकट करतो.”

वहिनी हसली आणि त्या हसण्यातूनच तिचं रडू फुटलं. मावशी तिला भात भरवत होती, मोठे मोठे घास, लहान पोराला देतात तसे. ती रडत होती आणि गिळत होती.

फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी, तिच्या भावाच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. आम्ही चार-पाचजणी तिच्याभोवती. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी बारीक. एकच वाक्य. वहिनीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

“काय म्हणाली? काय म्हणाली आई?” आम्ही सगळ्या.

“विचारते,” वहिनी म्हणाली, “तू जेवली काय?”

घराचं छप्पर गेलं होतं, पण माणसं सगळी शाळेच्या इमारतीत सुखरूप होती. त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेढे वाटले. टँकरच्या भाषणानंतर ते तिच्याशी फारसं बोलत नसत, पण पहिला पेढा त्यांनी तिलाच दिला.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. सातवा लागताच आम्ही माझ्या घरी डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. मावशी लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली. वाटीखाली पेढा की बर्फी, हा खेळ वहिनीला इतका आवडला की तिनं तो तीनदा खेळून घेतला. मग जळगाववाली सहज बोलून गेली, “पहिलं बाळंतपण माहेरी असतं हं आमच्यात.”

वहिनी थांबली. “खरंच? रूल हाय?”

“रूलच आहे,” आम्ही सगळ्या एकदम म्हणालो.

नवरा सुट्टीवर होताच. आठवड्याभरात दोघं निघाली. तिच्या आईनं नवं छप्पर घातलेल्या घरात तिला मुलगी झाली. नवऱ्याला तिकडच्या बंदरात जमिनीवरची नोकरी मिळाली. बाळंतपणाला गेलेली सून परत सासरी आलीच नाही. फ्लॅट त्यांनी भाड्यानं दिला. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं. बिचारी गुणी मुलं आहेत, जिन्यात नमस्कार करतात आणि दार लावून घेतात.

अधूनमधून तिचा मोबाइलवर व्हिडिओ कॉल येतो. एकदा संध्याकाळी आला. मुलगी मांडीवर, मागे नारळाची झाडं, कुठेतरी कोंबडा ओरडत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिनं मुलीला खाली ठेवलं आणि फोन तोंडाजवळ आणला.

“काय गं?”

“ताई, माजी आई रागावते. बोलते, आता घरी आली, आता तुला कोनची आठवण येते?” आणि मग, “मला खिडकी दाखवा ना.”

मी फोन उलटा धरला आणि हात खिडकीच्या गजातून बाहेर काढला. खाली नेहमीचा रस्ता. रिक्षा, क्लासला निघालेली पोरं, इस्त्रीवाल्याची गाडी, समोरच्या गॅलरीत वाळणाऱ्या चादरी. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

“थोडा डावीकडं,” आवाज आला. “हां. अजून थोडा. बस. तिथंच.”

मी हात तसाच धरून उभी राहिले. पलीकडून कोंबड्याचा आवाज येत होता. मनगट दुखायला लागलं म्हणून मी दुसऱ्या हाताचा आधार घेतला. खालून जाणाऱ्या चिरनेरवालीनं मान वर करून विचारलं, “काय हो बाई, काय वाळत घालताय?”

“काही नाही,” मी म्हटलं, “जरा बाजूला व्हा. मधे येताय.”