आईसाठी ठेवलेली खुर्ची

सोमवारी सकाळी बालवर्गाच्या मागच्या भिंतीशी एक खुर्ची ठेवलेली होती. वर्गात सतरंजीवर बसणारी बावीस मुले आणि त्यांच्या मागे मोठ्या माणसाच्या मापाची ही एकटी खुर्ची. तिच्या पाठीला कागद चिकटवला होता : ‘कु. श्रेया हिच्या आईसाठी’. पंचशीला मेढे यांनी कागद वाचला, खुर्ची उचलून बाहेर ओसरीत नेऊन ठेवली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

इंदूरच्या सुदामा नगरात एका जुन्या मराठी मंडळाची ही बालशाळा आहे. पंचशीलाबाई तिथे चोवीस वर्षे शिकवतात. आजोबा महूच्या छावणीत हवालदार होते, वडील कचरू मेढे टपाल खात्यात. बाई उंचीने कमी, आवाजाने त्याहून कमी. वर्गात त्या कधी ओरडत नाहीत, कारण ओरडण्याने मुले गप्प होतात पण ऐकत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण आहे.

श्रेया जूनमध्ये वर्गात आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. डॉक्टरांच्या कागदावर स्वमग्नता लिहिलेली होती. ती शब्द बोलत नसे, नजरेला नजर देत नसे, गोंगाट वाढला की दोन्ही कानांवर हात ठेवून खिडकीच्या गजांशी जाऊन उभी राही. बाईंनी तिला खिडकीपासून ओढून आणले नाही. गोष्ट सांगताना त्या स्वतःच खिडकीजवळ सरकून बसू लागल्या. मुले आपोआप तिकडे वळली. मग त्यांनी भिंतीवर मुलांच्या हाताला येतील अशी तीन चित्रे दोरीला लावली : पाण्याचा पेला, उघडे दार, आणि आडवा हात, म्हणजे ‘नको’. ज्याला जे हवे त्याने ते चित्र काढून बाईंच्या हातात द्यायचे. चित्रे सगळ्यांसाठी होती. पहिल्या आठवड्यात ‘नको’चे चित्र सर्वांत जास्त वेळा आणले ते सुजयने, त्याला बोलता उत्तम येत होते, पण पाढे म्हणायचे नव्हते. श्रेयाने पाण्याचे चित्र आणायला सत्तावीस दिवस घेतले. त्या दिवशी बाईंनी तिला पाणी दिले आणि धडा पुढे चालू ठेवला. टाळ्या वाजवल्या नाहीत. तहान लागल्यावर पाणी मागणे हा पराक्रम नव्हे, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी श्रेयाच्या बाबतीतही सोडली नाही.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी श्रेया वर्गातून निघून थेट फाटकापर्यंत गेली. फाटकाची कडी तुटलेली होती. ती तुटल्याचे सेविका गयाबाईंनी कचेरीत दोनदा सांगितले होते. त्याच गयाबाईंनी श्रेयाला रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी धरले. मुलीला काही झाले नाही. परंतु संस्थेचे चिटणीस शरदजी घाबरले, आणि घाबरलेली संस्था जे करते ते त्यांनी केले : पत्र काढले. यापुढे श्रेयाच्या आईने शाळेच्या पूर्ण वेळात वर्गात बसावे. तसे शक्य नसल्यास मुलीला पाठवू नये. कडीबद्दल पत्रात एक अक्षर नव्हते.

श्रेयाची आई अमिता सियागंजमध्ये लोखंडी सामानाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे बिले बनवते. पत्र घेऊन ती शाळा सुटताना बाईंकडे आली.

“बाई, मी बसते. शेठजींना बोलून नोकरी सोडून देते. बस, हिला काढू नका.”

“तुम्ही मागे बसलात तर मी हिला शिकवायचं कसं?”

“मतलब?”

“आज तिला तहान लागली की ती माझ्याकडे येते. तुम्ही असलात तर तुमच्याकडे येईल. मग बाकीची एकवीस मुलं माझी, आणि ही पाहुणी. पाहुण्याला कोणी शिकवत नाही, अमिता. पाहुण्याला सांभाळतात.”

अमिताने हातातले पत्र पुढे केले. मग म्हणाली, “पण पत्र तर आलंय ना.”

“पत्राचं मी बघते. तुम्ही कामावर जा.”

बाईंच्या या उत्तरामागे एक जुनी गोष्ट होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. त्यांचे वडील कचरू लहानपणी ज्या शाळेत शिकले, तिथे त्यांना प्रवेश होता, पाटी होती, हजेरीत नाव होते. आणि बसायला दाराजवळचे वेगळे पोते होते. वर्गात घेतले, आणि वर्गापासून वेगळेही ठेवले. शरदजींपुढे ही गोष्ट मांडली असती तर ते ओशाळले असते, कदाचित मऊही पडले असते. बाईंनी ती मांडली नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला वर्गात बसण्याचा जो हक्क आहे, त्याला दुसऱ्या कोणाच्या दुःखाची शिफारस लागू नये, असे त्यांना वाटत होते. हा त्यांचा ताठरपणा म्हणता येईल. पण दयेवर मिळालेली जागा दया ओसरली की जाते, हे त्यांच्या घराला पिढ्यांपासून ठाऊक होते.

खुर्ची बाहेर ठेवल्याबद्दल त्यांना त्याच सोमवारी कचेरीत बोलावणे आले. शरदजी बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नव्हते.

“बघा मॅडम, मामला सेफ्टीचा आहे. उद्या काही झालं तर जवाब कोण देणार? तुम्ही का मी?”

“फाटक उघडं राहिलं तर बावीस मुलं बाहेर जाऊ शकतात, शरदजी.”

“पण गेली एकच ना!”

“हो. बाकीच्यांना अजून कळलेलं नाही.”

शरदजींना हसू आले, ते त्यांनी आवरले. “तुमची भावना समजते मला. पण नियम तो नियम.”

“नियम असेल तर सगळ्यांना लावते,” बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

शरदजींनी ते बोलणे रागाचे समजून सोडून दिले. ती त्यांची चूक झाली. मंगळवारी बावीस डायऱ्यांत एकच सूचना गेली : संस्थेने बालवर्गात पालकाची उपस्थिती आवश्यक मानली आहे, तरी शनिवारी प्रत्येक मुलाच्या घरातून एकाने शाळेचा पूर्ण वेळ वर्गात बसावे. खाली बाईंची सही. एक प्रत चिटणिसांच्या टेबलावर, जी त्यांनी शनिवारपर्यंत वाचली नाही.

शनिवारी सतरा जण आले. सभागृहातून खुर्च्या आणाव्या लागल्या. सुजयचे आजोबा हरीभाऊ पहिल्याच रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. बाईंनी रोजच्यासारखा वर्ग सुरू केला आणि दहा मिनिटांत तो हातातून गेला. जयेश रोज आपला डबा स्वतः उघडतो. त्याने तो आईपुढे धरला. एक मुलगी एकटी मोरीवर जाईना. दोघे जण आपापल्या आयांच्या मांडीवर चढले आणि तिसरा, ज्याचे कोणी आले नव्हते, मोठ्याने रडू लागला. सुजयने आजोबांच्या हातून पोळी खाल्ली, तीही छोटे छोटे तुकडे करून. बाई कोणाला रागावल्या नाहीत. त्या गोष्ट सांगत राहिल्या. ऐकत होते ते फक्त पालक.

अमिताही आली होती. श्रेया तिच्या कुशीत शिरली ती बाहेर आलीच नाही. खिडकीकडे गेली नाही. भिंतीवरचे चित्र तिने आणले नाही, कारण तहान लागण्यापूर्वीच आईने बाटली तिच्या ओठांना लावली होती. दोन महिन्यांत मुलीने जे कमावले होते ते एका सकाळपुरते पुसले गेलेले अमिताने पाहिले. तिने मुलीला कुशीतून सोडवून सतरंजीवर बसवायचा प्रयत्न केला. श्रेया किंचाळली. अमिताच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने मान खाली घातली नाही. सरळ बाईंकडे पाहिले. या एका सकाळची किंमत श्रेयाने मोजली, हे बाई नाकारत नाहीत.

अकरा वाजता गलका ऐकून शरदजी दारात आले.

“हे काय लावलंय मॅडम? बारात आली आहे का?”

“आपला नियम लागू केलाय, शरदजी.”

“अहो, तो एकीसाठी होता!”

“एकीसाठी का, ते या सगळ्यांना समजावून सांगा. मी मुलांना मैदानावर नेते.”

हरीभाऊ हसत उठले. “शरदजी, एक सांगू, भिया? माझा नातू घरी आपल्या हातानं जेवतो. इथं मी बसलो आणि साहेब एकदम नवाब झाले! यापुढे मला बोलवू नका. पोरगा बिघडून जाईल.”

“आणि ते फाटक,” जयेशची आई म्हणाली, “आत्ता येताना नुसता हात लावला तर उघडलं. तिथं कडी का नाही?”

सतरा पालक चिटणिसांकडे बघत होते. दुपारी सुतार आला.

सोमवारी शरदजींनी बाईंना पुन्हा बोलावले. टेबलावर नवे पत्र तयार होते.

“घ्या, तुमचंच झालं. आईची गरज नाही. दिवाळीपर्यंत ट्रायल ठेवू, मग बघू. इथं सही करा.”

बाईंनी पत्र वाचले. “बाकीच्या एकवीस जणांची ट्रायल केव्हापासून?”

“मॅडम, आता तुम्ही हद्द करताय. मी दोन पावलं मागे आलो ना?”

“आलात. पण श्रेया अजून उंबऱ्यावरच आहे. दिवाळीपर्यंत ती रोज काय सिद्ध करणार? की ती साडेचार वर्षांची आहे?”

“सही नाही केली तर कमिटीपुढे तुमचाही विषय जाईल. चोवीस वर्षांच्या नोकरीचा विचार करा.”

“केला,” बाई म्हणाल्या. पत्र त्यांनी नीट घडी करून टेबलावर परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी अमिता घुटमळत उभी होती. “मी जाऊ ना, बाई? की थांबू?”

“तुम्हाला उशीर होतोय,” बाई म्हणाल्या आणि श्रेयाला आत घेतले. अमिता सियागंजला गेली. त्यानंतर ती रोज गेली.

आठवडाभरात कमिटीची नोटीस आली. वरिष्ठांच्या पत्रावर सही करण्यास नकार, पालकांना परस्पर बोलावणे, शिस्तभंग. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. शाळेतल्या दोघी-तिघींनी बाईंना माफीचा मसुदा करून देण्याची तयारी दाखवली. बाईंनी त्यांचे आभार मानले. मधल्या सुट्टीत, वर्गातच बसून, त्यांनी खुलासा लिहिला आणि गयाबाईंच्या हाती कचेरीत पाठवला :

‘कु. श्रेया माझ्या वर्गातील विद्यार्थिनी आहे. इतर एकवीस विद्यार्थ्यांना जी अट नाही, ती तिला मी लावणार नाही. याहून अधिक खुलासा देण्यासारखे काही घडलेले नाही.’