सुट्टीच्या दिवशीची बासुंदी

दूध संस्थेत सेक्रेटरी म्हणून काम केलं, की पगार बेताचा, पण किस्से भरपूर! सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत. केडगावच्या बाजूचं आमचं गाव. निम्म्या घरांनी पूर्वी मेंढरं राखलेली, त्यामुळं आवाज रानापर्यंत पोचणारे. ऐकायचं नाही म्हटलं तरी जमायचं नाही.

*

नव्वदच्या दशकात दुधाचा दर सरकार ठरवायचं. दरवाढीची बातमी रेडिओवर आली, की आमच्या हातात काही पडायच्या आत स्टेशनवरचा चहा महागायचा! आमचे चेअरमन आप्पा चहा पिऊन जुनेच पैसे ठेवायचे. हॉटेलवाला कुरकुरला, की म्हणायचे, "सरकारची वाढ आमच्यापत्तुर येऊ दे, मग तुझी देतो!"

*

दर फॅटवर मिळायचा. हौसाक्काची म्हैस गावात एक नंबर, पण दुधाला फॅट लागेना. एक दिवस बाई भडकली आणि दावं धरून म्हैसच डेअरीत घेऊन आली!

"आता हितंच पिळा, आन् माझ्यासमूर फॅट लावा!"

आप्पांनी स्वतः धार काढली. फॅट असं लागलं, की रांगेनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रोज किटली आणणारे हौसाक्काचे मालक, नामदेवमामा, हळूच मागच्या दारानं निघाले. डेअरीच्या वाटेवर कॅनॉल आहे, एवढंच सांगतो.

"उद्यापास्नं दूध म्हैसच आणंल," हौसाक्का म्हणाली. "तुम्ही घरी बसा!"

*

आमचे कॅन हायवेवरच्या सरकारी शीतकरण केंद्रात जायचे. तिथले साहेब दुधात लॅक्टोमीटर सोडायचे आणि मान हलवायचे, "पाणी आहे. परत न्या!" एकदा आप्पा नुसती एक किटली घेऊन गेले. पुन्हा तेच, "पाणी! परत न्या!"

"परत तुमच्याच बंगल्यावर न्यावं लागंल. तुमच्या गाईचं हाय. वहिनीसायबांनी आत्ताच काढून दिलं!"

दुसऱ्या दिवशी केंद्रात नवा लॅक्टोमीटर आला.

*

आणि मग ती सुट्टी. दूध जास्त झालं, की सरकार एखाद्या दिवशी दूध घ्यायचंच नाही. 'दुधाची सुट्टी'! म्हशींना कोण सांगणार? एका सुट्टीला आम्ही सगळे कॅन टेम्पोत भरून सकाळीच केंद्रावर गेलो. ऊन तापलं की सगळं नासणार, आणि गावातल्या बहुतेक चुली त्याच दुधावर. साहेब गेटाआडून म्हणाले, "वरून ऑर्डर आहे. टाकीत जागाच नाही!"

आप्पा हात जोडत होते. हौसाक्कानं जोडले नाहीत. देवळातली भंडाऱ्याच्या जेवणाची कढई, लाकडं आणि साखर तिनं येतानाच टेम्पोत टाकली होती. गेटासमोर तीन दगड मांडून तिनं चूल पेटवली आणि एक कॅन ओतला. दूध आटत गेलं तसा बासुंदीचा वास हायवेवर! यवतकडं निघालेली एस.टी. थांबली, पॅसेंजर उतरले. मग केंद्रातले कामगार डब्यांची झाकणं घेऊन आले. शेवटी वाटी घेऊन साहेब आले. त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि वाटी पुढं केली.

"अजून थोडी वाढा."

हौसाक्कानं ओगराळं कढईत ठेवलं. "न्हाई, सायेब. आज सुट्टी हाय!"

सगळी एस.टी. हसली. माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं! साहेबांनी वाटीकडं पाहिलं, कॅनांकडं पाहिलं आणि वॉचमनला ओरडून सांगितलं, "गेट उघड रे!"

टाकीत जागा कुठून झाली, ते आम्ही विचारलं नाही. साहेबांनी पुन्हा वाटी पुढं केली.

"आधी कॅन," हौसाक्का म्हणाली. शेवटचा कॅन आत जाईपर्यंत तिनं ओगराळ्याला हात लावला नाही.