एका मांडवात दोन नवरदेव

हे बायकोला माहीत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतल्या कोणालाच नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही अकोल्याचे नसाल एवढ्या भरवशावर.

मी अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. परतवाड्याला भर लग्नात ठेका वाजवणारा लॅपटॉप बंद पडला, तेव्हा मीच छाती फुगवून म्हणालो होतो, लॅपटॉप हवाच कशाला? दोन इलेक्ट्रॉनिक पेट्या आणि एक वायर! पहिली पेटी ड्रम वाजवते; दुसरी वायरीतून तिची लय घेऊन बेस वाजवते. पहिलीला आम्ही नवरदेव म्हणायचो, दुसरीला वऱ्हाडी. नवरदेव निघाला की वऱ्हाडी आपोआप मागे. एकच खोड — लाइट गेली की वऱ्हाडी सेटिंग विसरायचा आणि स्वतःलाच नवरदेव समजायचा. मेनूत जाऊन त्याला पुन्हा मागे उभं करायचं, हे काम माझं. फक्त माझं.

अकोल्याच्या त्या रिसेप्शनला लाइट गेली, जनरेटर लागला. मी काय करत होतो? करवल्यांकडे पाहून केस सारखे करत होतो — टक्कल तेव्हाही होतं. नवरदेव सुरू केला, वऱ्हाडी हलेना. तेव्हा तरी कळायला नको? मी त्याचंही बटण दाबलं. दोन्हींवर लयीचा आकडा तोच, पण आतली घड्याळं दोन, केसभर पुढेमागे.

तिसऱ्या गाण्यापर्यंत दोघांची फारकत झाली. मधे सापडले सुदामकाका — आमचे ढोलकीवाले, मला मात्रा मोजायला शिकवणारे. एका कानात ड्रम, दुसऱ्यात बेस. हात टेकवायचा कुठे? गायिका थांबली. पुढच्या खुर्च्या हसल्या. पार्टीचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "कावून काका, कान गेले का तुमचे?"

मी वऱ्हाडीच्या स्क्रीनकडे पाहिलं. मला कळलं. तिथेच, त्याच क्षणी.

आणि काका काय म्हणाले? "माहाच हात ढिला पडून राहिला, बाप्पा. मले समजूनच नाही राहिलं."

एक वाक्य पुरलं असतं. मी वायर नीट केल्यासारखं करत राहिलो — वायर तर ठीकच होती.

जेवणाच्या सुट्टीत गुपचूप सेटिंग बदललं. काका पुन्हा बसलेच नाहीत, आणि उरलेला कार्यक्रम झकास झाला. "पाहा, काका उतरले अन् ठेका बसला," मालक म्हणाला. माझ्या दुरुस्तीनेच त्यांच्यावर शिक्का मारला. मी मान डोलावली. तालात.

काका आता बाळापूरला लेकीकडे असतात. ढोलकी त्यांनी देऊन टाकली. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा समोरून वरात चालली होती. त्यांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली — आणि मग दुसऱ्या हाताने त्यांनीच ती दाबून धरली.

"बरोबर होतं का रे?"

"एकदम बरोबर, काका."

"मन राखाले म्हणून राहिला तू," ते हसले.

मी चहा संपवला आणि अमरावतीची बस पकडली.