गरम हवा आणि भावोजींची मान

माझी ताई प्लास्टिकच्या कारखान्यात फिल्म ताणायच्या मशीनवर होती. बाटल्यांच्या गठ्ठ्यांना घट्ट लपेटून बसते ना, ती फिल्म. प्लास्टिक गरम असताना ओढायचं आणि ताणलेलं असतानाच थंड करायचं. "आतल्या लांबलचक साखळ्या मुळात गुंतवळासारख्या असतात," ती नव्या मुलींना सांगायची. "आपण त्यांना ओढून सरळ करतो, गारठवून तशाच धरून ठेवतो. पुन्हा गरम झाल्या की आक्रसतात."

भावोजींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा हात मोडला. मग दात, मग बरगडी. बाहेर मात्र माणूस इतका गोडबोल्या, की शेजारणी ताईचीच समजूत घालायच्या. ती तोंड मिटून कामावर यायची आणि मी पॅकिंगच्या टेबलावर दातओठ खात खोकी चिकटवायचे.

अखेर ती घर सोडून माझ्याकडे आली. त्याच आठवड्यात भावोजी भर दुपारी कारखान्यात घुसले. "मुकाट्याने घरी चल, नाहीतर इथेच आडवी करतो," म्हणत त्यांनी तिचे केस धरून तोंड मशीनच्या कठड्यावर आपटलं. फिल्मच्या कडेची कापलेली पट्टी उचलून ते तिचा गळा आवळायला गेले. ताई हिसडा मारून खाली बसली. झटापटीत पट्टीचे वेढे त्यांच्याच मानेला बसले, दुसरं टोक फिरत्या रोलात गेलं आणि रोलाने त्यांना फरफटत ओढलं.

फिटरने धावत येऊन मशीन बंद केलं. पट्टी मांसात रुतली होती. भावोजींचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"पातं आत जात नाही, गळाच कापला जाईल. वितळवतो," म्हणत फिटरने हातातलं पातं खाली टाकलं आणि गरम हवेची बंदूक पट्टीवर धरली.

ताईला ठाऊक होतं. मलाही. सैल व्हायची सोडून पट्टी आवळत चालली. भावोजींचे डोळे बाहेर आले, ते फरशीवर पाय झाडू लागले. ताई, गप्प राहा, असं मला मनापासून वाटत होतं. ती गप्पच होती. तोंडातलं रक्त गिळत बघत होती.

मग तिने लाथेने बंदूक उडवली. "गरम नको करूस रे, आवळतंय ते!" पट्टीखाली स्वतःचं बोट कोंबून तिने वरून फिटरचं पातं ओढलं. पट्टी तुटली, बोटही हाडापर्यंत चिरलं.

भावोजी खोकत, ओकत उठून बसले. ताईने त्यांचे केस धरून तोंड वर केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना अरेतुरे केलं.

"पट्टी आवळणार, हे मला बंदूक बघितल्यापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "तरी एवढा वेळ गप्प बसले. परत आलास, तर बोलणारच नाही."